कोळशातला कोणता कचरा चुंबकाला चिकटतो?

खाणीतून कोळसा एकटा कधीच येत नाही. त्याच्याबरोबर छताचा आणि तळाचा दगड येतो, चिकणमाती येते, पावसाळ्यात चिखल येतो आणि बाराही महिने लोखंड येते. छत तोलून धरणारे रूफ बोल्ट, ड्रिलचे मोडलेले बिट, वायर रोपचे तुकडे, वॅगनच्या दरवाजाच्या खिट्ट्या, यंत्रांचे सुटलेले नटबोल्ट आणि अधूनमधून कोणाची तरी हरवलेली पहार. औष्णिक वीज केंद्रातल्या कोळसा हाताळणी विभागात, तिथल्या बोलीत सीएचपीत, कोळशाच्या प्रतीबद्दल कुरकुर रोजचीच असते; पण धास्ती असते ती या लोखंडाची.

चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे. एका युनिट विजेला सातशे ग्रॅमच्या आसपास कोळसा धरला, तर पूर्ण क्षमतेने चालताना त्याला दिवसाला ४९ हजार टनांच्या घरात कोळसा लागेल. एवढा सगळा कोळसा रबरी पट्ट्यांवरून पळतो. टिपलरने वॅगन उलटली की ढेपळे क्रशरमध्ये जातात आणि २० मिलिमीटरपर्यंत फुटतात. तिथून बंकर, बंकरमधून मिल. मिलमध्ये त्याची इतकी बारीक भुकटी होते की सुमारे ७० टक्के कण ७५ मायक्रॉनच्या जाळीतून खाली जातात. या वाटेवर एखादी अणकुचीदार लोखंडी पट्टी च्यूटच्या तोंडाशी आडवी अडकली आणि पट्टा तिच्याखालून धावत राहिला, तर तो उभाच्या उभा चिरत जातो. कोणाच्या लक्षात येईपर्यंत शंभर-दोनशे मीटर पट्टा बाद झालेला असतो.

म्हणून पट्ट्यावर विद्युतचुंबक टांगतात. तारेची भलीमोठी गुंडाळी, बहुधा तेलात बुडवलेली, पट्ट्यापासून हातभर उंचीवर. तिच्या खालच्या अंगाला एक छोटा आडवा पट्टा फिरत असतो. कोळशातून उडी मारून वर आलेला बोल्ट या आडव्या पट्ट्याला चिकटतो, बाजूला नेला जातो आणि चुंबकाची हद्द संपली की खालच्या पेटीत खणकन पडतो. ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात कोळशाचा थर फूटभर जाड असतो आणि बोल्ट जड, त्यामुळे तो पट्ट्याच्या हादऱ्यांबरोबर खाली खाली सरकत तळ गाठतो. अंतर वाढले की चुंबकाची ओढ झपाट्याने घटते, आणि वर कोळशाचे ओझे असतेच. त्यामुळे जागा मिळाली तर अनुभवी अभियंते चुंबक पट्ट्याच्या मध्यावर न टांगता शेवटच्या ड्रमपुढे टांगतात. तिथे कोळसा पट्टा सोडून हवेत झेपावतो, थर मोकळा होतो, बोल्टावरचे ओझे क्षणभर नाहीसे होते आणि तेवढा क्षण पुरतो. मात्र त्या भागातले च्यूट आणि पत्रे चुंबकाला न लागणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावे लागतात. साधे लोखंड ठेवले तर चुंबक आधी त्यालाच ओढत बसेल. उन्हाळ्याचा त्रास निराळा. गुंडाळी तापली की तारेचा रोध वाढतो, प्रवाह कमी होतो आणि विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी चुंबकाचा जोर सकाळपेक्षा उतरलेला असतो. तेल असते ते ही उष्णता वाहून नेण्यासाठी.

एवढे सगळे नीट जमवले तरी एक लोखंड चुंबकाच्या हाती लागतच नाही, आणि नेमके तेच सगळ्यांत घातक असते. १८८२ मध्ये शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी पोलादात १२-१३ टक्के मँगनीज मिसळले, तेव्हा एक तऱ्हेवाईक धातू तयार झाला. त्याला जितके हाणावे तितका त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो. खाणीतल्या शॉव्हेलचे दात, क्रशरचे हातोडे, रेल्वेच्या क्रॉसिंगचे भाग अशा मार खाणाऱ्या ठिकाणी म्हणूनच तो वापरतात. त्यात ८५ टक्क्यांच्या आसपास लोखंडच असते, तरीही चुंबक त्याला ओळखत नाही. मँगनीजमुळे स्फटिकातली अणूंची मांडणी बदललेली असते आणि लोखंडाचे लोहचुंबकत्व ज्या मांडणीच्या जिवावर असते, ती मांडणीच तिथे नसते. असा तुटलेला दात कोळशात पडला की तो चुंबकाखालून निवांत निघून जातो आणि क्रशरमध्ये आपल्याच जातीच्या हातोड्यावर जाऊन आदळतो.

त्याच्यासाठी चुंबकाच्या पुढे मेटल डिटेक्टर बसवतात. तो काही ओढत नाही, फक्त हेरतो. त्याच्या बदलत्या क्षेत्रामुळे धातूच्या तुकड्यात वीजप्रवाह उमटतात, ते कळले की पट्टा थांबतो. मग माणूस पट्ट्यावर चढतो आणि कोळसा उकरून तुकडा शोधतो. हा क्रम उलटा करता येत नाही. डिटेक्टर आधी आणि चुंबक नंतर ठेवला, तर दर खिळ्याला पट्टा उभा राहील आणि वैतागलेली शिफ्ट चार दिवसांत डिटेक्टरची वायरच काढून ठेवेल.

पण हे झाले कोळशात पडलेले लोखंड. कोळशाच्या अंगातला कचरा वेगळा आहे आणि खरी मौज तिथे सुरू होते. कोळसा जळल्यावर मागे राख उरते आणि धुराड्यातून गंधकाचा वायू जातो. राख म्हणजे कोळसा तयार होताना त्यात बसलेली माती आणि वाळू. गंधकाचा एक मोठा वाटा येतो तो लोहमाक्षिकातून, म्हणजे लोखंड आणि गंधक यांच्या त्या पिवळ्या चकाकत्या खनिजातून, ज्याला पाहून हौशी लोक सोने सापडले म्हणून नाचतात. लोहमाक्षिकाच्या वजनात जवळजवळ ४७ टक्के लोखंड असते. मग कोळसा भुकटी करून चुंबकाजवळून नेला, तर लोहमाक्षिक बाजूला निघणार नाही का? कागदावर ही कल्पना इतकी सरळ दिसते की ती सुचली नसती तरच नवल.

गाडे अडते ते चुंबकत्वाच्या स्वभावापाशी. १८४५ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी शिसेयुक्त जड काचेची कांडी प्रबळ विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये टांगली, तेव्हा ती ध्रुवांकडे न वळता त्यांना टाळून आडवी राहिली. मग फॅरेडेंनी हाताला लागेल ते टांगून पाहायचा सपाटा लावला. लाकूड, मांस, सफरचंद, पाव. बहुतेक पदार्थ चुंबकाला थोडेसे का होईना झिडकारणारे निघाले. असे पदार्थ प्रतिचुंबकीय. काही पदार्थ क्षीणपणे ओढले जातात, ते समचुंबकीय. आणि लोखंड, निकेल, मॅग्नेटाइट यांसारखे मोजकेच पदार्थ असे जोरात धावतात की आपल्या डोळ्यांना ते दिसते. रोजच्या बोलण्यात चुंबकाला चिकटणारे आपण म्हणतो ते एवढेच. कोळशाचा सेंद्रिय भाग प्रतिचुंबकीय आहे. लोहमाक्षिक समचुंबकीय आहे, पण अगदी नावापुरते. त्यात लोखंड भरपूर असले तरी त्या लोखंडाचे बाहेरचे इलेक्ट्रॉन जोड्या जमवून बसलेले असतात आणि चुंबकत्वाला लागणारा सुटा इलेक्ट्रॉन शिल्लक राहत नाही. घरातला कितीही जबरदस्त चुंबक लोहमाक्षिकाच्या खड्याजवळ न्या, खडा ढिम्म हलणार नाही.

म्हणजे एक किंचित झिडकारले जाणारे आणि दुसरे किंचित ओढले जाणारे, अशा दोन भुकट्या वेगळ्या करायच्या आहेत. फरक आहे, दिशाही उलट आहे, पण दोन्हीकडचे आकडे चिमुकले. त्यात लोहमाक्षिकाचा आकार आणखी घोळ घालतो. ज्या जुन्या दलदलींतून कोळसा तयार झाला, त्यांच्यावर समुद्राचे पाणी चढले की त्या पाण्यातले सल्फेट जिवाणू मोडत असत. त्यातून सुटलेला हायड्रोजन सल्फाइड चिखलातल्या लोखंडाशी जुळला की लोहमाक्षिक तयार होई. ते कधी भेगांत जाड पापुद्र्याने साचते, आणि कधी काही मायक्रॉन ते काही दशक मायक्रॉन व्यासाच्या गोळ्यांत. सूक्ष्मदर्शकाखाली हे गोळे बुंदीच्या लाडवासारखे दिसतात: एकसारख्या आकाराचे शेकडो इवलेसे स्फटिक एकमेकांना लगटून बसलेले आणि सगळा गोळा कोळशात घट्ट रुतलेला. पापुद्रा कोळसा फोडला की सुटतो. गोळा सुटायचा तर कोळसा गोळ्याइतका बारीक दळावा लागतो.

चुंबकाच्या बाजूने इथे एक युक्ती निघाली आणि ती खरोखर देखणी आहे. कणावरची ओढ केवळ क्षेत्र किती प्रबळ आहे यावर ठरत नाही; ते क्षेत्र किती थोड्या अंतरात बदलते यावरही ठरते. क्षेत्र सगळीकडे सारखेच असेल, तर दोन टेस्लाचा अवाढव्य चुंबकसुद्धा समचुंबकीय कणाला जागचा हलवणार नाही. मग त्या चुंबकाच्या पोटात बारीक पोलादी लोकर, म्हणजे केसांइतक्या पातळ पोलादी तारांचा भेंडोळा ठेवायचा. प्रत्येक तार चुंबकित होते आणि तिच्या कडेला काही दशक मायक्रॉनच्या अंतरात क्षेत्र कमालीचे बदलते. पाण्यात कालवलेली भुकटी या भेंडोळ्यातून सोडली की समचुंबकीय कण तारांना चिकटतात आणि बाकीचे वाहून जातात. मग वीज बंद करायची, पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, चिकटलेला माल धुऊन काढायचा आणि पुन्हा सुरुवात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या चुंबक प्रयोगशाळेत हेन्री कोल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ही पद्धत घडवली. तिला पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले ते कोळशाचे नव्हे, तर जॉर्जिया राज्यातल्या चिनी मातीचे. गुळगुळीत छपाईच्या कागदावर जो पांढरा लेप असतो तो या मातीचा; तिच्यातले लोह आणि टायटॅनियमयुक्त सूक्ष्म कण तिला पिवळसर करतात. ते या पोलादी लोकरीत अडकू लागले आणि माती पांढरीशुभ्र निघू लागली. या धंद्यात ती पद्धत आजही पाय रोवून आहे.

कोळशाच्या वाट्याला तीच पद्धत आली ती दोन घटनांमुळे. अमेरिकेत १९७० मध्ये हवा स्वच्छ ठेवण्याचा कडक कायदा झाला आणि १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. तेल महाग, म्हणून कोळसा हवा. आणि इलिनॉयसारख्या राज्यांच्या कोळशात तीन-चार टक्के गंधक, म्हणून तो कायद्यात बसेना. संशोधनाला पैसा मिळाला आणि प्रयोगशाळांतून उत्साहवर्धक आकडे येऊ लागले. लोहमाक्षिकातल्या गंधकाचा बराच मोठा भाग चुंबकाने निघतो हे अनेकांनी दाखवले. ओल्या पद्धतीने दाखवले, कोरड्या पद्धतीने दाखवले, ओक रिज येथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने पोलादी लोकर न वापरता नुसत्या क्षेत्राच्या चढउतारावर भुकटीची धार दुभंगून दाखवली.

तरीही आज जगात या मार्गाने गंधक काढून कोळसा विकणारा कारखाना धंदा म्हणून उभा नाही. कारणे एकात एक अडकलेली आहेत. गोळे सुटावेत म्हणून कोळसा फार बारीक दळायचा. मग ती भुकटी पाण्यात कालवायची. मग ते पाणी पुन्हा काढायचे. बारीक भुकटीतले पाणी काढणे हे दगडातले पाणी निथळण्याइतके सोपे नाही. ओली भुकटी जाळायची तर तिची बरीच उष्णता वाफ करण्यातच खर्ची पडते. कोरड्या पद्धतीत धूळ उडते, कण एकमेकांना चिकटतात आणि कोळशाच्या कोरड्या धुळीचा स्फोट होऊ शकतो. शिवाय कोळशातले सगळे गंधक लोहमाक्षिकात नसते. त्याचा एक हिस्सा थेट कार्बनच्या साखळ्यांना जोडलेला असतो, सेंद्रिय गंधक म्हणतात ते हेच. त्याच्याजवळ चुंबक काय, कोणतीच चाळणी किंवा धुलाई पोहोचत नाही. म्हणजे एवढा खटाटोप करून निम्मेअधिक गंधक काढायचे आणि उरलेल्यासाठी धुराड्यापाशी पुन्हा दुसरी यंत्रणा लावायची. ती दुसरी यंत्रणा, चुनखडीच्या पाण्याने धूर धुण्याची, एकटीच नव्वद टक्क्यांच्या वर काम करते आणि गंधक कोणत्या रूपात होते याची चौकशीही करत नाही. ती महाग आहे, अवजड आहे, पण तिने चुंबकाची गरज संपवली असे म्हणायला हरकत नाही.

हार मानण्याआधी संशोधकांनी लोहमाक्षिकाचा स्वभावच बदलून पाहिला. ते हवेवाचून काहीशे अंश तापवले की त्यातले थोडे गंधक निघून जाते आणि उरते ते पायरोटाइट, ज्याचा एक प्रकार चुंबकाला चांगलाच चिकटतो. पण सगळा कोळसा तापवायचा तर त्यातला ज्वलनशील वायूही निघून जाणार. म्हणून काहींनी मायक्रोवेव्हचा आधार घेतला: कोरड्या कोळशाला त्या लहरी फारशा जाणवत नाहीत, लोहमाक्षिक मात्र त्या शोषून तापते. कोलोरॅडोतल्या हेझन रिसर्च या संस्थेने १९७० च्या दशकात याहून धाडसी प्रयोग केला. कोळशावरून आयर्न कार्बोनिलची वाफ सोडायची. ती खनिजांच्या पृष्ठभागावर विघटित होते, त्यांच्यावर लोखंडाचा मुलामा चढतो, कोळसा मात्र कोराच राहतो. मग साधासा चुंबकही राखेची खनिजे ओढून घेतो. रसायनशास्त्र म्हणून वाहवा करावी असाच हा प्रकार. फक्त आयर्न कार्बोनिल जहाल विषारी आहे, आणि हजारो टन कोळशाला ते हुंगवत बसणारा कारखाना आपल्या गावाशेजारी कोणाला हवा असेल, हा प्रश्न उरतो.

चुंबकाने काम होते आणि तरी ते परवडत नाही, हा अनुभव थॉमस एडिसन यांच्याही गाठीशी होता. त्यांनी १८९० च्या दशकात न्यू जर्सीतल्या ऑग्डेन येथे हलक्या प्रतीचे लोहखनिज दळून चुंबकाने वेचायचा प्रचंड कारखाना उभारला आणि त्यात वीस लाख डॉलरच्या आसपास घालवले. यंत्रे चालली. पण मिनेसोटात मेसाबीच्या डोंगररांगेत नुसते उकरून गाडीत भरावे असे समृद्ध खनिज निघाले आणि भाव असा कोसळला की शतक संपता संपता कारखान्याला टाळे लागले. तिथली दळणयंत्रे एडिसन यांनी पुढे सिमेंटच्या धंद्यात वापरली.

चुंबकाने कोळशाच्या धुलाईत खरी कमाई केली ती मात्र कोणाच्या फारशी लक्षात न येणाऱ्या जागी. कचरा ओढण्यात नव्हे, तर कचरा वेगळा करायला वापरलेला माल परत मिळवण्यात.

कोळसा आणि दगड यांत सरळ फरक आहे तो घनतेचा. चांगल्या कोळशाचे विशिष्ट गुरुत्व १.३ ते १.४ आणि शेल किंवा वालुकाश्माचे २.२ च्या वर. समजा १.६ गुरुत्वाचा द्रव मिळाला, तर त्यात कोळसा तरंगेल आणि दगड बुडेल; दुसरे काही करायला नको. असा द्रव स्वस्तात कुठून आणायचा? पाण्यात एखादी जड भुकटी ढवळत ठेवली, तर ते मिश्रण जड द्रवासारखे वागते. १९२० च्या दशकात पेनसिल्व्हेनियात यासाठी वाळू वापरत. इतर ठिकाणी चिकणमाती आणि बाराइट वापरून झाले. सगळ्यांची दुखणी एकच होती: कोळशाची बारीक घाण त्या भुकटीत मिसळायची आणि ती पुन्हा निराळी होत नसे. मिश्रण हळूहळू घट्ट आणि चिकट व्हायचे, शेवटी फेकून द्यावे लागायचे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये के. एफ. ट्रॉम्प यांनी मॅग्नेटाइट वापरायला घेतले आणि हा गुंता सुटला. मॅग्नेटाइटचे गुरुत्व ५ च्या वर, त्यामुळे थोडक्यात भागते. आणि ते लोहचुंबकीय आहे, त्यामुळे पाण्यात कितीही पातळ झाले, कितीही घाण मिसळली, तरी चुंबक त्याला वेचून आणतो.

कोळसा धुणाऱ्या एखाद्या वॉशरीत या चक्राचा शेवटचा टप्पा उभे राहून पाहण्यासारखा असतो. धुतलेला कोळसा कंप पावणाऱ्या चाळणीवरून जात असतो आणि त्याच्यावर पाण्याचे फवारे चालू असतात, कारण प्रत्येक खड्याला काळ्या मॅग्नेटाइटचा लेप लागलेला असतो आणि तो धुऊन घ्यायचा असतो. हे गढूळ पाणी एका टाकीत येते, तिथे स्टेनलेस स्टीलचा आडवा पिंप अर्धवट बुडालेला फिरतो. पिंपाच्या आत चुंबकांची कमान स्थिर बसवलेली असते. फिरते ते वरचे कवच. कवचाला काळाकुळकुळीत, चकाकता थर चिकटून वर येतो, चुंबकांची कमान जिथे संपते तिथे तो आपोआप सुटतो आणि घसरून खालच्या पन्हळीत पडतो. खालून जाणाऱ्या पाण्यात कोळशाची आणि मातीची घाण तेवढी राहते. मॅग्नेटाइट इतके नेटके परत मिळते की चांगल्या चालवलेल्या वॉशरीत टनभर कोळशामागे अर्धा ते एक किलोच वाया जाते. पण चुंबकाखालून गेलेले हे कण स्वतःच थोडे चुंबक होतात, एकमेकांना धरून गुठळ्या करतात आणि टाकीत लवकर तळाला बसतात. म्हणून काही ठिकाणी परतीच्या पाइपभोवती प्रत्यावर्ती प्रवाहाची गुंडाळी बसवतात. पुढे सरकता सरकता कणांवरचे उलटसुलट क्षेत्र क्षीण होत जाते आणि त्यांचे चुंबकत्व उतरते.

आपल्याकडे पोलाद कारखान्यांना कमी राखेचा कोकिंग कोळसा हवा होता, त्यामुळे धुलाई आधी झारखंड पट्ट्यात आली. टाटांच्या वेस्ट बोकारो येथील वॉशरीचे वर्ष १९५१ आणि जामाडोबाचे १९५२. विजेसाठीचा कोळसा मात्र बराच काळ जसा निघेल तसाच जात राहिला. केंद्र सरकारने १९९७ मध्ये अधिसूचना काढून खाणीपासून १,००० किलोमीटरपेक्षा दूर असलेल्या वीज केंद्रांना ३४ टक्क्यांहून कमी राखेचाच कोळसा वापरण्याचे बंधन घातले. पुढे ही मर्यादा ५०० किलोमीटरवर आली आणि मे २०२० मध्ये बंधनच उठवले गेले. माझ्या मते ते घाईचे झाले. शंभर टन कोळशाबरोबर चाळीस टन माती आठशे किलोमीटर रेल्वेने नेण्यात शहाणपण काय, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

ही माती चुंबकाने काढता येईल का? भारतातला बहुतेक कोळसा गोंडवन काळातला, सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा. वर्धा खोऱ्याचाही त्यातलाच. तो गोड्या पाण्याच्या खोऱ्यांत साचला. समुद्र लांब होता, सल्फेट कमी होते, त्यामुळे या कोळशात गंधक बहुधा ०.६ टक्क्यांच्या आत आणि लोहमाक्षिकही बेताचेच. नद्यांनी आणलेली माती मात्र पानापानांत मुरलेली, ३५ ते ४५ टक्के राखेची. ही राख मुख्यतः क्वार्ट्झ आणि केओलिनाइटची, आणि ही दोन्ही खनिजे शुद्ध असली तर कोळशासारखीच प्रतिचुंबकीय. चुंबकाला दोघांत फरकच दिसत नाही. काही थरांत सिडेराइट, म्हणजे लोहाचे कार्बोनेट, सापडते आणि काही चिकणमातींत लोह असते; तेवढा भाग प्रबळ चुंबकाने निघतो, राख थोडी उतरते, पण तेवढ्यावर धंदा होत नाही. आसामातल्या माकुमच्या कोळशात गंधक भरपूर आहे, कारण तो खूप नंतरच्या काळात आणि समुद्राच्या सान्निध्यात तयार झाला. पण त्यातले बहुतांश गंधक सेंद्रिय. थोडक्यात, जिथे माती आहे तिथे ती चुंबकाला दिसत नाही आणि जिथे गंधक आहे तिथे ते कार्बनने धरून ठेवले आहे. परदेशी शोधनिबंध वाचून भारतीय कोळशासाठी चुंबकीय शुद्धीकरणाचे प्रकल्प सुचवणाऱ्यांनी हा एक परिच्छेद आधी तपासावा.

गंमत म्हणजे कोळशातले हेच लोखंड जळाल्यावर चुंबकाला चिकटू लागते. भट्टीत १,३०० ते १,५०० अंशांच्या ज्वाळेत लोहमाक्षिक आणि सिडेराइट फुटतात, वितळतात आणि थंड होताना त्यांचे मॅग्नेटाइट असलेले सूक्ष्म गोल मणी बनतात. फ्लाय ॲशच्या ढिगात चुंबक फिरवला तर हे मणी त्याला लागतात. पोलंडमधल्या अप्पर सायलेशियात कोळशाचे कारखाने आणि वीज केंद्रे दाटीने आहेत. तिथल्या संशोधकांनी शेतातल्या आणि जंगलातल्या वरच्या मातीचे चुंबकत्व मोजत राखेची धूळ कुठवर पसरली याचे नकाशेच तयार केले. माती खोदून रासायनिक पृथक्करण करण्यापेक्षा हे कितीतरी झटपट होते, कारण नैसर्गिक मातीपेक्षा ही धूळ उठून दिसते.

या मण्यांचा दुसरा उपयोगही तपासून झाला आहे: राखेतून ते चुंबकाने वेचायचे आणि वॉशरीत दळलेल्या मॅग्नेटाइटच्या जागी वापरायचे. मणी गोल असल्यामुळे मिश्रण कमी चिकट राहते, हा त्यांचा फायदा. पण त्यासाठी राखेत लोखंड भरपूर हवे, म्हणजे मूळ कोळशात लोहमाक्षिक भरपूर हवे. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या काही राखांत ते सापडते. आपल्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिना उदंड, लोखंड मात्र थोडेच. त्यामुळे आपल्या वॉशऱ्या मॅग्नेटाइट विकतच घेतात.